तालुक्याचे डीटीपी केंद्र आणि पहिली रहस्य कादंबरी
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, तहसील कार्यालयासमोरच्या ज्या डीटीपी केंद्रात एरवी अर्ज आणि लग्नपत्रिकाच होतात, तेथे मी पहिल्या रहस्य कादंबरीचे हस्तलिखित टंकनासाठी दिले. कापूसवेचणीच्या दिवसांत रात्री जागून लिहिलेले माझे अक्षर वाचणे सोपे नव्हते. तरीही शुद्धलेखन चोख आहे आणि संवादांतील ‘पऱ्हाटी’, ‘धुरा’ हे वऱ्हाडी शब्द कोणी परस्पर बदललेले नाहीत. मजकूर मात्र आग्रहाने युनिकोडमध्येच (म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) मागावा, कारण जुन्या फॉन्टमधील फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. दर वाजवी आहेत. टंकन करणाऱ्या ताईंनी खुनी कोण हे गावात फोडले नाही, हीसुद्धा सेवाच म्हणायची; प्रुफे आणायला जाताना तेवढे भारनियमनाचे वेळापत्रक पाहून निघावे.