संभाजीनगरला येताय? आधी वार बघा

कामानिमित्त अर्धा देश फिरलो पण पाहुण्यांना आपलं शहर दाखवायला अजूनही लई भारी वाटतं. वेरूळ मंगळवारी बंद अन् अजिंठा सोमवारी, हे न बघताच बुकिंग करून लोक गेटवरून परत जातात, जीव तुटतो हो. वेरूळला सकाळी लवकर जा, थेट १६ नंबरचं कैलास गाठा, खालून बघून झालं की बाजूच्या डोंगरावर चढून वरूनही बघा, कळसापासून खाली कोरत आणलंय हे तिथूनच कळतं. दौलताबाद त्याच रस्त्यावर, पाणी सोबत ठेवा. अजिंठा १०० किमी, त्याला वेगळा दिवस द्याच. रात्री जुन्या शहरात नान खलिया (मटणाचा रस्सा अन् नान) खा, व्हेजवाल्यांनी थंडीत हुरड्याला यावं.