स्टॉकफिश, ओपनिंग बुक बंद करून: तीन महिने वापरल्यावर

खानापूरच्या भाच्याला शिकवायला म्हणून पावसाळ्यात जुन्या लॅपटॉपवर स्टॉकफिश टाकलं, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणारं इंजिन, तीन महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००८ पासून लोक मिळून बनवतायत. फक्त एक, नुसतं स्टॉकफिश उघडलं तर काळी खिडकी येते, पट दिसत नाही, पटाचा प्रोग्राम वेगळा घेऊन त्याला हे जोडावं लागतं, बरेच जण इथंच सोडून देतात.

तर झालं असं, भाच्यानं इटालियन नावाच्या ओपनिंगच्या, म्हणजे डाव सुरू करायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, बारा चाली वहीत लिहून पाठ केलेल्या. शाळांच्या स्पर्धेत समोरच्या पोरानं तिसऱ्याच चालीला एच६ केलं, कडेचं प्यादं एक घर पुढं. वहीत ती चालच नव्हती. पोरगं गडबडलं आणि थोड्या वेळात वजीर घालवून बसलं, घरी येऊन जेवलं पण नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा पटाच्या प्रोग्रामचं ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींची वही, बंद केलं. बुक चालू असलं की पहिल्या काही चाली इंजिन विचारच करत नाही, वहीतनं काढून देतं, म्हणजे आमच्या भाच्यासारखंच. आणि स्टॉकफिशचं स्वतःचं असं बुक नाहीच. मग सुरुवातीचा पट लावला आणि दोघं बघत बसलो. पांढऱ्याला पहिल्या चालीला २० पर्याय, काळ्याचं उत्तर धरून ४००, दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की १,९७,२८१ वाटा. ह्या सगळ्या ते सारख्याच तपासत बसत नाही. आधी एक चाल खोल बघतं, मग दोन, मग तीन, दरवेळी परत पहिल्यापासून, पण मागच्या फेरीत जी चाल बरी ठरली ती पुढच्या फेरीत आधी घेतं, त्यामुळं बाकीच्या कितीतरी वाटा अर्ध्यातच कापल्या जातात. स्क्रीनवर सगळ्यात वरती कधी ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं), कधी डी४ (वजिरापुढचं प्यादं दोन घरं). भाचा म्हणाला, "मामा, हे सारखं मत बदलालंय की!" बरोबर बोलला, खोल गेलं की मत बदलतं.

वाट कुठंतरी थांबवली की त्या मांडणीला मार्क द्यावे लागतात. पूर्वी माणसांनी लिहिलेले नियम होते, राजा किती सुरक्षित, घोडा कडेला की मधे, असले. २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून एनएनयूई आलं, छोटं न्यूरल नेटवर्क, मुळात यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगीसाठी, म्हणजे जपानी बुद्धिबळासाठी, काढलेलं. ते प्रचंड मांडण्या बघून शिकलेलं असतं. म्हणजे ई४ नंतर अमुकच खेळ असं कुणी त्याला सांगितलेलं नाही, तरी माणसांनी शेकडो वर्षं घासून काढलेल्या चालींपाशीच ते बहुतेक वेळा येऊन पोचतं. मला हे लई भारी वाटतं, खरंच.

मग एच६ ची मांडणी लावली, मल्टीपीव्ही ३ वर ठेवलं, म्हणजे तीन चाली एकदम दिसतात. सगळ्यात वरती कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) आणि डी४ आले. समोरच्यानं एक चाल कडेला घालवली, तेवढ्यात आपण मधे घुसायचं, हे भाच्यानं स्वतःच ओळखलं, मी काही बोललो नव्हतो.

खटकणाऱ्या गोष्टी पण सांगतो. कारण कधीच सांगत नाही, नुसता आकडा. आणि आकड्याला घाबरू नका, स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे जिंकायची शक्यता साधारण अर्धी असं माप धरलंय, त्यामुळं ओपनिंगमधल्या +०.२० आणि +०.३० साठी भांडण्यात अर्थ नाही. एकापेक्षा जास्त थ्रेड (एकाच वेळी शोधणारे धागे) लावले तर तीच मांडणी दुसऱ्यांदा दिल्यावर वेगळी चाल येऊ शकते, आम्हाला आधी बिघडलंय असं वाटलं, बिघडलेलं नसतं, थ्रेड १ करा, खोली ठरवून द्या आणि हॅश (आधीच्या शोधाची साठवण) साफ करा, तीच चाल येते. लॅपटॉप मात्र तापतो, लाईट गेलेली असताना बॅटरीवर लावू नका, बघता बघता संपते.

पोराला एकट्याला देऊ नका, शेजारी बसा, आधी त्याला त्याची चाल विचारा आणि मगच इंजिन चालू करा. बेळगाव-खानापूरकडं कुणाला पट जोडायला जमत नसेल तर विचारा, सांगतो.