टास्मानियाचा 'नेम्स इंडेक्स': फुकट, अस्सल आणि जरा डोळेफोड

नोकरीभर तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम सांभाळली. त्यामुळे कुठलंही दप्तर समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला: मूळ पान दाखवता, की नुसती यादी? 'नेम्स इंडेक्स' ही जुन्या सरकारी नोंदींत माणसाचं नाव शोधायची ऑनलाइन सेवा, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या सरकारी ग्रंथालय-दप्तरखात्याची, म्हणजे लायब्ररीज टास्मानियाची. ती मूळ पान दाखवते, तेही एक पैसा न घेता. माझ्या लेखी अर्धं परीक्षण इथेच संपलं.

निमित्त सूनबाईचं. मुलाकडे मेलबर्नला आलोय आणि ती इथलीच. माहेरचा मूळपुरुष 'खलाशी म्हणून आला' असं तिच्या घरात सांगायचे. निघाला कैदी. पूर्वी इथे अशी गोष्ट घरोघर झाकून ठेवत; आता कैदी पूर्वज सापडला की फक्त पेढे वाटायचे बाकी राहतात!

आधी तिने वंशावळीच्या एका वेबसाइटला पैसे भरले होते. तिथे कुणीतरी एकाच नावाचे दोघे एकत्र करून ठेवलेले. माणूस एक, जहाजं दोन आणि मेलाही दोन गावांत. आडनाव स्मिथ असल्यावर दुसरं काय होणार? म्हटलं, 'हे फेकून दे, कागद काढ.'

१८०३ ते १८५३ या काळात टास्मानियात, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, ब्रिटिश सरकारने शिक्षा म्हणून जहाजांतून पाठवलेले सत्तर हजारांहून जास्त कैदी उतरवले. ब्रिटिश कारकुनाने त्यांचा काय हिशेब ठेवलाय! हा कैदीखान्याचा दस्तऐवज २००७ साली युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत गेला, ते उगाच नाही. इंडेक्समध्ये नाव टाकायचं, डाव्या बाजूला 'कन्व्हिक्ट्स' निवडायचं आणि नावापेक्षा जहाजाकडे लक्ष ठेवायचं. जहाज आणि सालं जुळली तरच आपला माणूस. मग लिंकवर टिचकी मारली की रजिस्टरचं स्कॅन उघडतं.

आमच्या स्मिथचं पान उघडलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. शिक्षा लंडनला, १८३३, सात वर्षं, गुन्हा हातरुमालाची चोरी. त्याखाली तुरुंगाचा शेरा, मग बंदरातल्या तुरुंग-जहाजाचा शेरा. त्यानंतर टास्मानियातली कर्तबगारी, तारीखवार: हजेरीला गैरहजर, दारू पिऊन सापडला, मालकाला उलट बोलला, पंचवीस फटके. वर्णनाचं रजिस्टर वेगळं आहे. त्यात उंची, केस, भुवया, नाक, हनुवटी, सगळ्याला स्वतंत्र रकाने, आणि डाव्या हातावर गोंदलेला नांगर नि दोन अक्षरं. सूनबाईने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "बाबा, ही अक्षरं कुणाची?" बायकोची नाहीत एवढं नक्की, कारण १८३८ च्या लग्नाच्या परवानगीचा कागदही याच इंडेक्समध्ये मिळाला आणि त्यावरचं नाव भलतंच!

आता त्रासाचं. अक्षर मोडीइतकंच घसटलेलं आहे आणि कारकून जागा वाचवायला संक्षेप वापरतो. 'टी. एल.' म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह, शिक्षा संपायच्या आत स्वतःचं काम स्वतः शोधायची मुभा. 'एफ. एस.' म्हणजे मुदत भरून सुटला. 'सी. पी.' म्हणजे सशर्त माफी. एवढी तीन पाठ केली तरी निम्मं पान उलगडतं. मोबाइलवर मात्र हे करू नका. मोठा पडदा लागतोच. स्पेलिंगही ऐकीव, म्हणून एका स्पेलिंगवर अडून बसू नये.

लंडनचा खटला असेल तर 'ओल्ड बेली ऑनलाइन' सोबत उघडा. १६७४ ते १९१३ पर्यंतच्या खटल्यांचे छापील वृत्तान्त तिथे फुकट आहेत. रुमाल कुणाच्या खिशातला, पकडला कुणी, सगळं आलंय. पळून गेला असेल तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर जुनी वर्तमानपत्रं चाळा. पण दोन्ही नंतर. आधी घरातल्या सगळ्यात जुन्या मृत्यूच्या किंवा लग्नाच्या दाखल्यापासून एकेक पिढी मागे या. थेट कैद्यापासून सुरुवात केली तर दुसऱ्याचाच स्मिथ घरी आणाल.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो त्या कारकुनाच्या अक्षराचा.