हिऱ्याची पट्टी आणि आईची विळी
धारवाला आमच्या सोसायटीत यायचा बंद झाला, म्हणून साडेसहाशे रुपयांना ही धार लावायची डायमंड प्लेट मागवली. एक बाजू ४०० ग्रिटची, म्हणजे जाड कणांची, दुसरी १००० ची, बारीक कणांची. बायकोचा पहिला प्रश्न, "एवढ्यात हिरा येतो होय?" येतो. कारखान्यात केलेल्या हिऱ्याचा चुरा असतो, पोलादी पट्टीवर निकेलच्या थरात बसवलेला.

आईची विळी दहा मिनिटांत टोमॅटो चिरायला लागली. जुन्या दगडावर तासभर जायचा. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही: हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांना सहसंयुज बंधांनी घट्ट धरून असतो, सैल जागा कुठेच नाही. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्येही कार्बनच, पण त्याचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून तर कागदावर उमटतो. पोलादात धातुबंध, पुरेसा जोर आला की अणूंचे थर सरकतात. मध्ये अडकलेला कार्बन त्यांना अडवतो, पण हिऱ्यापुढे ते कितीसं पुरणार?

आता तक्रार. पहिल्याच दिवशी मी दगडावर लावायचो तसा जोर लावला आणि कडेचा चुरा निघून आला. तिथे आता गुळगुळीत टक्कल आहे. हिरा हरला नाही, त्याला धरणारं निकेल हरलं. 'हलक्या हाताने घासा' असं खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही! शिवाय खालचा रबरी पाया ओट्यावर सरकतो. मी ओलं फडकं घालतो.

चांगल्या सुरीला ४०० ची बाजू लावू नका, ओरखडे राहतात. पाचपैकी साडेतीन.