पुरासाठी २० फुटी फायबर बोट: घेण्याआधी वळवून बघा

कृष्णाकाठच्या गावांना पुरासाठी सपाट तळाची २० फुटी फायबर बोट आणि मागं २५ एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, हा जोड परवडतो. सरळ चालवायला ही बोट चांगलीच आहे. कमी पाण्यात, बुडालेल्या उसावरनं, गल्लीबोळातनं आरामात जाते. पण तिची पारख वळणावर करायची.

खाडीत भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी जरा थांबतं, लांब बोट तेवढ्यात वळवून घेता येते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्यानं ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की कृष्णा अशी उसंत देत नाही. वळताना बोट काही क्षण आडवी होणारच, आणि तेवढ्यात ती खाली वाहत जाते. पाण्याची ओढ सेकंदाला २ मीटर आणि वळायला २० सेकंद धरले तर ४० मीटर झाले. खालच्या अंगाला तेवढ्या टप्प्यात झाड, तार, पुलाचा खांब काही नको.

धारेबरोबर चाललेली बोट माघारी फिरवायची तर वेग कमी करून तोंड काठाच्या संथ पाण्यात घाला. मागची बाजू धारेत राहते, ओढ तिला खाली ढकलते आणि तोंड आपोआप धारेच्या वरच्या अंगाला फिरतं. त्या वेळी बोट एका बाजूला कलते, म्हणून सगळे तळाला बसलेले हवेत, उभं कुणीच नको. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं, पंख्याचा जोर हेच सुकाणू. घाबरून रेस सोडली की वळण अर्धवट राहतं आणि बोट आडवीच्या आडवी वाहते.

इथंच विकणारे घोळ घालतात. इंजिनाची दांडी, म्हणजे खाली पंख्यापर्यंत जाणारा भाग, १५ इंची आणि २० इंची अशी दोन मापांत मिळते. बोटीची मागची फळी २० इंच उंच असताना १५ इंची दांडीचं इंजिन बसवलं तर वळताना पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, जोर शून्य, तेही बोट आडवी असताना. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली आली पाहिजे. फूटपट्टी लावूनच बघा.

जलपर्णी आणि उसाचा पाला पंख्यात गुंडाळतो, इंजिन थंड ठेवायला पाणी आत घेणारी जाळीही तुंबते. इंजिनामागची पाण्याची बारीक धार थांबली की लगेच आडोशाला जाऊन इंजिन बंद करा आणि उचलून साफ करा. वल्ही आणि लांब बांबू बोटीत कायम हवेत. नांगर पुढूनच टाकायचा. मागून टाकला तर मागची फळी खाली ओढली जाते आणि पाणी आत येतं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यामुळं क्षमतेच्या पाटीवरचा आकडा हा शेवटचा, त्यावर एकही माणूस नको. पैसे देण्याआधी तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरून बोट डावीकडं आणि उजवीकडं, दोन्हीकडं वळवून दाखवायला सांगा. रिकाम्या बोटीचं प्रात्यक्षिक धरू नका.