टेललाईट काळी करण्याआधी: फिल्म, स्प्रे, जाळी, स्मोक लॅम्प की कंपनीची लाल काच?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन "टेललाईट काळी करायची आहे" म्हटलं की चार गोष्टी पुढे येतात: स्मोक फिल्म, स्प्रे, जाळीचा स्टिकर आणि खिसा सैल सोडायची तयारी असेल तर काळ्या काचेचा अख्खा नवा लॅम्प. दुकानात यांची तुलना होते ती दिसण्यावर आणि भावावर. मी ती तीन प्रश्नांवर करतो आहे. मागून येणाऱ्याला ब्रेक किती स्पष्ट दिसतो? कायद्यात काय बसतं? आणि उद्या नको झालं तर गाडी होती तशी करता येते का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. चालू लाईटच्या काचेवर काहीही चढवू नये, "हलका स्मोक" म्हणून मिळतो तोसुद्धा नाही. पण चारही पर्याय सारखे वाईट नाहीत आणि काळा लूक हवाच असेल त्याच्यासाठी रीतसर वाटही आहे, म्हणून एकेक नीट बघू.

आधी उजेडाचा हिशोब

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत नेहमीच्या ब्रेकलाईटची तीव्रता समोरासमोर कमीत कमी ६० कॅंडेला (उजेडाची तीव्रता मोजायचं एकक) ठरवलेली आहे. रात्रभर जळणारा मागचा साधा लाल दिवा ४ कॅंडेलाचा असला तरी पास होतो आणि १२ कॅंडेलाचाही नियमात बसतो. आपल्याकडची एआयएस, म्हणजे भारतीय वाहन उद्योगाची मानकं याच धर्तीवर बेतलेली आहेत. दोन दिव्यांमध्ये एवढं अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण "गाडी पुढे आहे" आणि "गाडी थांबते आहे" या दोन गोष्टी मागच्याला क्षणात वेगळ्या कळल्या पाहिजेत.

आता त्या ६० कॅंडेलावर गडद स्मोक फिल्म लावा, जी जेमतेम एक पंचमांश उजेड बाहेर सोडते. उरले १२. म्हणजे तुम्ही ब्रेक दाबलेला असताना मागच्याला दिसतो तो एखाद्या दुसऱ्या गाडीचा साधा मागचा दिवा. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच राहतो. पुष्कळ लॅम्प किमान मर्यादेपेक्षा जास्त उजेड देतात, हे खरं. पण तो जास्तीचा उजेड धूळ, चिखल, जुना झालेला बल्ब आणि पिवळी पडलेली काच यांची भरपाई करायला लागतो. फिल्मवर उधळायला तो शिल्लक नसतो.

ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. ब्रेक ओळखायला मागच्याला अर्धा सेकंद जास्त लागला तरी अकरा मीटर गेले. एलईडी आणि साधा बल्ब यांतला फरक इथे लक्षात घ्यावा. तारेचा बल्ब पूर्ण तापून पेटायला एलईडीपेक्षा साधारण ०.२ सेकंद जास्त घेतो. त्यामुळे जुन्या, बल्बवाल्या गाडीवर फिल्म लावली की उशीर आणि मंदपणा दोन्ही एकत्र येतात.

याहून मोठं नुकसान रिफ्लेक्टरचं होतं आणि दुकानात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुष्कळ गाड्यांत लाल रिफ्लेक्टर टेललाईटच्या काचेतच बसवलेला असतो. त्यावर पडणारा उजेड फिल्ममधून आत जातो, परावर्तित होतो आणि त्याच फिल्ममधून पुन्हा बाहेर येतो. कापणी दोनदा होते. अर्धा उजेड सोडणाऱ्या फिल्ममागे रिफ्लेक्टर पाव उरतो. एक पंचमांश सोडणाऱ्या फिल्ममागे शंभरातले चार. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, यावलच्या पट्ट्यात रात्री केळीच्या गाड्यांची ये-जा चालू असते. तिथे तुमची कार पंक्चर होऊन कडेला उभी आहे, बॅटरी बसलेली आहे, लाईट लागत नाही, अशा वेळी तुमच्या आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या मध्ये फक्त तो रिफ्लेक्टर असतो.

रात्री दुकानासमोर बघून फसू नका

फिल्म लावून झाली की दुकानदार गाडी भिंतीकडे वळवतो, ब्रेक दाबायला सांगतो, भिंत लाल होते आणि सगळे खूश होतात. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, त्यामुळे मंद दिवाही झळकतो. खरी परीक्षा दिवसा आहे, आणि खानदेशात ती जास्तच कडक आहे.

सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना ६) ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. संध्याकाळी धुळ्याहून जळगावकडे निघालात की मावळतीचं ऊन थेट तुमच्या टेललाईटवर पडतं. काचेवरच एवढी चमक असते की आतला दिवा लागला की विझला हे मूळ लाल काचेतही पटकन कळत नाही. काळ्या गुळगुळीत फिल्मवर ती चमक तशीच राहते आणि आतला उजेड मात्र घटतो. उलट दिशेने, जळगावहून धुळ्याकडे येताना, सूर्य मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत असतो. त्या झगमगाटात त्याला फक्त जोरकस दिवा दिसतो. सकाळी हीच गोष्ट दिशा बदलून. या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

त्यात धूळ. कापसाच्या हंगामात, किंवा जिथे जिथे रस्त्याचं काम चालू आहे तिथे, तासाभरात मागच्या काचेवर थर बसतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. चाळीसगावचा कन्नड घाट पावसाळ्यात धुक्याने भरतो, तेव्हा पुढच्या गाडीचा लाल ठिपका हाच रस्ता असतो. फिल्मचा विचार करणाऱ्याने एकदा दुपारी दोनला, धुळीने माखलेल्या गाडीवर, मित्राला शंभर-सव्वाशे मीटर मागे उभं करून ब्रेक दाबून बघावा. आणि मित्राला नुसतं "दिसतो का" विचारू नये, ब्रेक कधी दाबला आणि कधी सोडला ते त्याला ओरडून सांगायला लावावं.

दुचाकीला हे सगळं दुप्पट लागू. कारला दोन टेललाईट आणि बहुधा मागच्या काचेत तिसरी ब्रेकलाईट असते, ती फिल्मशिवाय राहिली तर थोडा आधार मिळतो. मोटारसायकलला मागे एकच दिवा. तो काळा केला की मागे दुसरं काहीच नाही. माझ्या मते दुचाकीच्या बाबतीत तुलना करायचीच गरज नाही.

चार पर्याय

स्मोक फिल्म सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लवकर होणारी. हीट गनने ताणून वळणावर बसवतात. तिची एकच चांगली बाजू म्हणजे ती निघते. पण भुसावळ-जळगावचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा तिला सोसत नाही. कडा उचलल्या जातात, फुगे येतात, कडेला धूळ अडकते आणि गोंद काचेवर भाजून बसतो. दोन उन्हाळे गेलेली फिल्म काढताना गोंदाचे डाग राहतात. अनेक दुकानांत पूर्ण लॅम्प एकाच तुकड्यात झाकतात, म्हणजे इंडिकेटर आणि रिव्हर्स लाईटही काळी. कुणी लाल फिल्म लावली तर पिवळा इंडिकेटर लाल दिसायला लागतो, आणि मागच्याला वळण आणि ब्रेक यांत फरकच कळत नाही.

स्प्रे मला चौघांत सर्वांत घातक वाटतो. किती थर बसले यावर उजेड अवलंबून, आणि ते मारणाऱ्याच्या हातावर. डावी लाईट एक, उजवी दुसरी, असं सर्रास होतं. मोजायचं साधन कुणाकडे नसतं. शिवाय परतीची वाट जवळजवळ बंद. टेललाईटची काच बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते, तिला थिनर लागला की बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ती काच कायमची गेली. थिनर टाळून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासत बारीक नंबरापर्यंत जायचं आणि मग बफिंग करायचं, हाच उपाय. एवढ्या मजुरीत कित्येक गाड्यांचा नवा लॅम्प येतो.

जाळीचा स्टिकर निरुपद्रवी वाटतो, कारण मधून लाल दिसतं. पण काळ्या रेघांनी जेवढी जागा व्यापली तेवढा उजेड गेला. रिफ्लेक्टरवर आली की तिथेही तेच. फिल्मपेक्षा थोडा बरा, एवढंच.

काळ्या काचेचा नवा लॅम्प हा पर्याय मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. माझ्या भाच्याचा नेमका हाच मुद्दा होता: "मामा, कंपनीन्या गाड्यासले कायी लाईट येस, मंग मन्ही गाडीले लायी त काय बिघडनं?" प्रश्न रास्त आहे. कारखान्यातून काळसर काचेचे लॅम्प येतात, पण त्यांच्या आत एलईडीची ताकद, दिव्यामागच्या चकचकीत वाटीचा आकार, लाल रिफ्लेक्टरची जागा सगळं त्या काचेला धरूनच आखलेलं असतं. तयार लॅम्प त्याच काचेसकट चाचणीला जातो. पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था किंवा तशीच मान्यताप्राप्त संस्था तो तपासते. आपण फिल्म लावतो तेव्हा लाल काचेसाठी आखलेला लॅम्प काळ्या काचेमागे कोंबतो. गाडीच्या कंपनीनेच त्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला काळसर लॅम्प दिला असेल आणि तो तुमच्या गाडीच्या वायरिंगला बसत असेल, तर कंपनीच्या पार्ट नंबरनिशी, बिल घेऊन तो बसवणं ही यातली एकमेव शहाणपणाची वाट. बाजारात खोक्यावर फक्त गाडीचं नाव असलेले, काचेवर मान्यतेची कुठलीही खूण नसलेले लॅम्प मिळतात, ते त्यात धरू नका. त्यांच्यात पुष्कळदा रिफ्लेक्टरच नसतो.

आणि दिवा मंद झाला म्हणून जास्त वॅटचा बल्ब टाकायचा, हा सल्ला तर अजिबात ऐकू नये. नेहमीचा दोन तारांचा बल्ब ब्रेकसाठी २१ आणि मागच्या दिव्यासाठी ५ वॅटचा असतो, होल्डर आणि काच तेवढ्याच उष्णतेसाठी बनवलेली. वर फिल्म असेल तर उष्णता आणखी कोंडते, होल्डर वितळतो.

कायदा काय म्हणतो

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा गैरसमज म्हणजे "पन्नास टक्के फिल्म चालते". तो आकडा खिडकीच्या काचेचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे असं सांगतो. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खिडकीच्या काचांवर कोणत्याही टक्क्याची फिल्म चिकटवायला मनाई केली. दिव्याच्या काचेसाठी सवलतीची अशी टक्केवारी नियमांत नाही.

दिव्यांसाठी नियम १०५ आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागची नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. यावर कुणी म्हणेल, हलकी फिल्म लावूनही १५५ मीटरवरून दिसतो. निरभ्र रात्री दिसेलही. पण ती अट मागच्या दिव्याची आहे. ब्रेकलाईट, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर यांची तीव्रता वेगळ्या मानकांनी ठरते, आणि लॅम्पला मान्यता मूळ काचेसकट मिळालेली असते.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर पुष्कळदा कलम १७७ खाली पहिल्या वेळचे ५०० रुपये घेऊन सोडतात, त्यावरून गुन्हा किरकोळ आहे असं समजू नये. पिकअप, छोटा हत्ती, टॅक्सी अशा धंद्याच्या गाड्यांना पासिंगच्या वेळी दिवे तपासून घ्यावेच लागतात. खासगी गाडीलाही पंधरा वर्षांनी तीच पाळी येते.

दंडापेक्षा मला काळजी अपघातानंतरच्या कागदांची वाटते. मागून कुणी धडकलं तर एरवी चूक त्याची ठरायची शक्यता जास्त. पण पंचनाम्यात काळी टेललाईट नोंदली गेली की समोरचा वकील तुमचाही हलगर्जीपणा मांडणार, आणि भरपाईत वाटा कापला जाऊ शकतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल हा तिथे आणखी एक वादाचा मुद्दा.

मग कुणी काय करावं

फक्त लूक बदलायचा असेल तर लाईट सोडून तिच्या भोवतीचा भाग काळा करा. डिकीवरची क्रोम पट्टी, स्पॉयलर, लोगो काळे करून घेतले की मागची बाजू पुरेशी गडद दिसते आणि लाल काच उलट उठून दिसते. काच पिवळट, ओरखड्यांची झाली असेल तर आधी बफिंग करून बघा. काळ्या फिल्मची हौस कित्येकदा मळकट काच लपवायची असते.

जुनी गाडी घेताना आधीच फिल्म लावलेली असेल तर भावातच ती काढून मागा. स्वतः काढायची तर गाडी तासभर उन्हात ठेवा, खानदेशात बहुतेक वेळा हीट गन लागतच नाही. कोपरा नखाने उचलून, फिल्म काचेला जवळजवळ समांतर ठेवत हळूहळू ओढा. उरलेला गोंद कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. पेट्रोल, थिनर, स्पिरिट काचेला लावू नका. काच मोकळी झाल्यावर बल्बही बघून घ्या, कारण फिल्ममागे एखादा जळालेला बल्ब महिनोन्महिने कुणाच्या लक्षात आलेला नसतो. नंबर प्लेटवरचा छोटा दिवाही तेव्हाच तपासा.