स्टीलचा कुकर आणि मिनेस्ट्रोने: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाच लिटरचा, जाड बुडाचा स्टीलचा कुकर पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. तेव्हापासून आमच्याकडे जवळजवळ दर आठवड्याला त्यात मिनेस्ट्रोने होतो. मिनेस्ट्रोने म्हणजे भाज्या आणि घेवड्याचा इटालियन दाट रस्सा. याची ठरलेली अशी एक कृती नाही, हंगामात मिळेल ते पडतं. मिलानकडे त्यात तांदूळ घालतात, जिनोव्हाकडे वरून पेस्टो, म्हणजे बेसिल-लसणाची तेलातली चटणी, सोडतात. टस्कनीतला शिळा पाव घालून पुन्हा उकळलेला रिबोल्लिता त्याच्याच भावकीतला. त्यामुळे कोल्हापूरच्या मंडईत जे मिळतं त्यात हा रस्सा करताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

ॲल्युमिनियमचा कुकर घरात होताच आणि वरणभाताला तो उत्तम आहे. पण या रश्श्यात टोमॅटो बराच असतो. आंबट पदार्थ ॲल्युमिनियममध्ये शिजवून तसाच ठेवला की धातूची चव उतरते आणि मिनेस्ट्रोने तर दुसऱ्या दिवशीही खायचा असतो, म्हणून स्टील. घेताना दोनच गोष्टी बघितल्या: आयएसआयचा शिक्का आणि बुडाची जाडी. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये कांदा कडेने लागतो आणि मधे कच्चा राहतो. याच्यात दहा-बारा मिनिटं बारीक गॅसवर परतला तरी एकसारखा मऊ होतो. या पदार्थाची निम्मी चव त्या परतण्यातच आहे. कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून भरपूर तेलात, लाल होऊ न देता परतायचं. सेलरी आपल्याकडे नेहमी मिळत नाही, तेव्हा कोथिंबिरीच्या जाड काड्या आणि ओव्याचं एखादंच पान घालते. दोन पानं झाली की सगळा रस्सा ओव्याचा होतो.

आता घेवडा. इटलीत बोर्लोत्ती नावाचा लालसर रेषांचा घेवडा वापरतात. आपल्या जवळच्या सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा दिसायला आणि खायला त्याच्या बराच जवळचा आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. एवढा चांगला घेवडा हाताशी असताना डबाबंद इटालियन घेवड्याला पैसे घालावेत असं मला वाटत नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात मागितला की मिळतो. फक्त यंदाचा आहे का, ते विचारून घ्या, जुना घेवडा कितीही शिट्ट्या केल्या तरी मऊ होत नाही.

रात्री मीठ घातलेल्या पाण्यात भिजवायचा. मिठाने साल मऊ पडते आणि दाणे फुटत नाहीत. सकाळी ते पाणी टाकून ताज्या पाण्यात तमालपत्र, ठेचलेला लसूण आणि चमचाभर तेल घालून कुकर लावायचा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून बारा ते पंधरा मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. टोमॅटो यात अजिबात नको, कारण आंबटपणाने सालीतलं पेक्टिन नावाचं चिकट द्रव्य घट्ट राहतं आणि दाणा आतून चरचरीत लागतो. बोअरच्या जड पाण्यातही तोच त्रास, म्हणून नळाचं पाणी घ्या.

कुकरचं खरं मोल इथे आहे. पूर्ण दाबाला आत पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तासभर किंवा जास्त घेणारा घेवडा पंधरा मिनिटांत लोण्यासारखा होतो. शिवाय राजमा-घेवड्याच्या जातीत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, ते नीट न उकळलेल्या दाण्यात शिल्लक राहिलं तर उलट्या-जुलाब होतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नये तो याचसाठी. कुकरमध्ये ही काळजी उरत नाही.

भाज्यांना मात्र कुकर जपून वापरावा लागतो. शिजलेला घेवडा त्याच्या पाण्यासकट बाजूला काढते, त्याच कुकरात कांदा-गाजर परतते, टोमॅटो आटवते, मग बटाटा, लाल भोपळा, फरसबी घालून घेवड्याचं पाणी ओतते. एक शिट्टी पुरे. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटांनी चिमट्याने शिट्टी हळूहळू उचलून वाफ सोडते, नाहीतर भोपळ्याचा लगदा होतो. झाकण काढल्यावर घेवडा, बारीक चिरलेला कोबी किंवा पालक आणि मूठभर छोटा पास्ता. पास्ता झाकण लावून शिजवूच नका. त्याचा फेस येऊन वाफेची नळी तुंबू शकते. त्याच कारणाने कडधान्य लावताना कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. पाच लिटरचा घेतला तो त्यासाठीच.

थोडा घेवडा पळीने कुकरच्या कडेला चेचला की रस्सा आपसूक दाट येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. इटलीत यात पार्मेझान चीजची साल टाकतात. पण खऱ्या पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, त्यामुळे आमच्या शाकाहारी घरात ते येत नाही. शेवटी सब्ज्याच्या झाडाची ताजी पानं चुरगळून घालते. ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो ते सब्ज्याचं झाड म्हणजेच बेसिल, कुंडीत सहज येतं. पानं उकळायची नाहीत, गॅस बंद केल्यावरच घालायची.

मिसळीबरोबर आपण घेतो तो जाड ब्रेड तव्यावर भाजून, त्यावर कच्चा लसूण घासून सोबत द्या. सासऱ्यांना मात्र ज्वारीची भाकरीच लागते. पहिल्यांदा वाटी संपवून ते म्हणाले, “तिखट न्हाई, पण जीव हाय ह्याच्यात. आणखी वाढ गं.” तेव्हापासून त्यांच्या वाटीत कांदा-लसूण मसाल्याची चिमूट तेलात फुलवून घालते, आणि ती चव मला स्वतःलाही आवडते.

तक्रार एकच, पण खरी. रिंग चार-पाच महिन्यांत सैल पडली, कडेने वाफ जाऊ लागली आणि शिट्टीच होईना. कंपनीच्या सेवा केंद्राने दोन आठवडे फक्त “येईल” एवढंच सांगितलं. बाजारातली दुसरी रिंग बसते, पण वाफ धरत नाही. त्यामुळे कुकर घेतानाच त्याच मॉडेलची एक जादा रिंग घेऊन ठेवा. वापरल्यावर रिंग काढून धुवा, तशीच झाकणात राहिली तर लसणाचा वास धरते आणि लवकर ताठरते. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र अजून मूळचाच आहे, तो बदलायची वेळ आली नाही. घरात दोघंच असाल तर याच बुडाचा तीन लिटरचा कुकर पुरेल, फक्त एका वेळी वाटीभरच घेवडा लावा.